लोकर न बांधलेली फुलं

काकांच्या घरात सीताफळ वेळेवर कधी खाल्लं गेलं नाही. काका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि काकू कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र. काकांना फळ पूर्ण पिकून त्याचे डोळे फाकेपर्यंत कागदासमोर ठेवायचं असे. काकूला ते कच्चं असतानाच उभं कापायचं असे, कारण पिकलेल्या सीताफळाचा काप निघत नाही, लगदा होतो. दोघांच्या तावडीतून जे सुटे त्यातलं निम्मं मुंग्यांचं आणि उरलेलं माझं.

मी देगलूरची. दहावीला गणितात बरे मार्क पडले म्हणून वडिलांनी मला त्यांच्या धाकट्या भावाकडे लातूरला अकरावीला पाठवलं. तेव्हा आमच्या भागात हुशार म्हटलेलं प्रत्येक पोर लातूरलाच जायचं. साल त्र्याण्णव. आता मी नांदेडला असते, सरकारी कचेरीत आकडेवारी जुळवण्याचं काम करते, घर चालवते. न जुळणारा आकडा मला झोपू देत नाही. पण एक आकडा मी स्वतः मोजला होता, तो खरा नाही हे मला माहीत होतं, आणि आजही तो दुरुस्त करावा असं मला वाटत नाही. त्याचीच ही गोष्ट.

घर स्टेशनकडच्या भागात होतं. पुढच्या दोन खोल्या विटांच्या, मागची भिंत जुनी, दगड-मातीची. मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या भिंतीला जवळजवळ टेकून, सीताफळाचं झाड. आमचं मूळ गाव औशाकडचं. तिथल्या घराच्या परसात एक सीताफळ होतं. लातूरला जागा घेतल्यावर काकांनी त्याच्या बिया आणून इथं लावल्या, त्यातलं हे एक जगलं.

काका सातवी-आठवीच्या पोरांना ग्रेड परीक्षेसाठी निसर्गचित्र शिकवायचे तेव्हा हमखास सीताफळ पुढे ठेवायचे. पोरं त्यावर माशाचे खवले काढायची, सगळे सारखे. काका वैतागायचे.

"अरे, एक डोळा एक घर हाय," ते म्हणायचे. "एका घरावर ऊन, दुसऱ्यावर सावली. एकाचं दार उघडं, एकाचं लावलेलं. तुम्ही तर सरकारी क्वार्टर काढून राहिलात."

स्वयंपाकघरातून काकू ऐकत असे. तिच्या दृष्टीनं काका चुकून बरोबर बोलत होते. सीताफळाच्या एका फुलात पुष्कळ किंजदलं, म्हणजे बी धरणारे मादी भाग, दाटीनं बसलेली असतात. प्रत्येकाचा पुढे एक डोळा होतो, प्रत्येकात फार तर एक बी. हे सगळे एकमेकांना चिकटून वाढतात आणि आपण त्याला एक फळ म्हणतो. पुस्तकात त्याला घोसफळ म्हणतात. ज्या किंजदलाला पराग मिळत नाही, तिथला डोळा बारीक राहतो, बी धरत नाही, आणि फळ त्या बाजूला आखडतं. मी या घरी आल्यावर मला मिळालेला पहिला उद्योग हाच होता: डोळे मोजायचे, बिया मोजायच्या, आणि काकूला फरक सांगायचा. मला ते फार आवडायचं.

आमच्या झाडाची फळं बहुतेक वाकडी असत. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलीही निम्मी एका अंगानं बसलेली. काकांना तीच आवडायची. दर वर्षी त्यातलं एक निवडून ते त्याचं जलरंगात चित्र करत. ती चित्रं ओळीनं भिंतीवर होती.

"याची मान बघ," ते मला दाखवायचे. "जसं कुणी हाक मारली अन् हे वळून बघून राहिलंय."

"हाक नाही मारली, पराग नाही पोचला," काकू म्हणायची. "तुम्ही दर वर्षी अपयशाचं चित्र काढता."

"अपयशालाच तोंड असतंय. गोल फळ कॅलेंडरावर बघावं."

सप्टेंबरच्या अखेरीस, पहाटे, भूकंप झाला. आमची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली, फडताळातली भांडी पडली, पण आम्ही तिघं धडधाकट बाहेर आलो. गावाची बातमी उजाडल्यावर आली. आजी-आजोबा आधीच गेलेले होते, घर काकांच्या चुलत्यांकडे होतं. चुलत घरातली तिघं गेली. काका त्याच दिवशी मिळेल त्या गाडीनं गेले आणि दोन दिवसांनी परत आले. त्यांनी तिथं काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आपल्या परसात आता कोण कुठं होतं ते कळत न्हाई. झाडबी न्हाई."

त्यानंतर आम्ही बरेच आठवडे अंगणात झोपलो. सगळं लातूरच तेव्हा उघड्यावर होतं. झाडाच्या एका फांदीला आणि खिडकीच्या गजाला ताडपत्री बांधलेली. तेव्हा झाडाला फळं होती. अभ्यास करता करता वर पाहिलं की पानांच्या आड एखादं हिरवं फळ दिसे, डोळ्यांमधल्या खाचा हळूहळू पांढुरक्या होत चाललेल्या. त्या खाचा पांढऱ्या झाल्या की फळ उतरवायला झालं. त्या वर्षी ती कुणी उतरवली नाहीत. काकांनी चित्रही काढलं नाही.

थंडी पडल्यावर काका आणि मी आत गेलो. काकू गेली नाही. धीट बाई, झुरळ हातानं उचलणारी, पण तडकलेल्या भिंतीच्या आत तिला श्वास घेता यायचा नाही. कानटोपी घालून ती ताडपत्रीखाली झोपायची. "मला लोखंडाचे कॉलम असलेलं घर पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर मी जन्मभर इथंच." यात हट्ट नव्हता. तिला खरंच दुसरं काही शक्य नव्हतं.

मार्चमध्ये मिस्त्री आले. त्यांचं घराणं लातुरात निजामाच्या काळापासून बांधकामात. नकाशा तयार होता: जुनी भिंत पाडायची, मागे एक मोठी खोली काढायची. तिथं काकू सकाळची बॅच घेणार होती, कारण ओसरीत आता मुलं मावत नव्हती. आमच्या गल्लीत तेव्हा ज्याला त्याला खोल्या काढायच्या होत्या. परभणी, हिंगोली, किनवटपासून पोरं यायची आणि जागा विचारत दारोदार फिरायची.

मिस्त्रींनी चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या. शेवटची खूण झाडाच्या बुंध्यावरच आली.

"मॅडम, नकाशा म्हणतो कॉलम इथं," मिस्त्री म्हणाले. "झाड म्हणतं, मी आधीपासून इथं. आता दोघांपैकी एकाला सरकावं लागंल."

"कॉलम सरकवा," काका म्हणाले.

"सरकतो, सर. पण मग खोली तिरकी येती. जन्माची तिरकी."

"झाडाला विचारा वर्षाला किती फळं देतं," काकू म्हणाली. "एवढ्याशा वाकड्या फळांसाठी मी खोली वाकडी करू?"

काका आत गेले. त्यांच्या गावातली एवढीच एक गोष्ट जगात उभी होती, हे काकूला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बहुधा मिस्त्रींनाही कळलं असावं, कारण ते फक्कीचा डबा बंद करून म्हणाले, "घाई न्हाई. पावसाळा काढू. दिवाळीनंतर पाया घेऊ."

रात्री जेवताना काकूनं तोडगा काढला. तिचा तोडगाही तिच्यासारखाच.

"झाड फळ धरत नाही याची कारणं दोन असू शकतात," ती म्हणाली. "एक, झाडातच दोष. दोन, पराग पोचत नाही. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, मग नर. मादी असताना त्याच्याजवळ स्वतःचा पराग तयार नसतो. बारीक भुंगे तो दुसऱ्या फुलावरून आणतात. इथं गल्लीत दुसरं झाड नाही, भुंगे किती येतात देव जाणे. आपण यंदा ब्रशनं पराग लावून बघू. अंगणाकडच्या फांद्यांवर."

"सगळ्यांवरच लावू की," काका म्हणाले.

"सगळ्यांवर नाही. कुंपणाच्या भिंतीकडच्या फांद्यांना हात लावायचा नाही. त्या तुलनेसाठी."

"तुलनेसाठी," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "झाडाचा जीव जाऊन राहिला, अन् ह्यांना तुलना पाहिजे."

"ब्रश घेतला तर कुठलंही झाड धरेल. मला बघायचंय ते आपलं आपण धरतं का. ब्रश लावून खुणेला लोकर बांधलेली फुलं माझी. न बांधलेली त्याची स्वतःची. त्याच्या स्वतःच्या दहांतली दोन टिकली तरी मी कॉलम सरकवते."

"अन् न्हाई टिकली तर? पराग लावायला मी हाय की. दर वर्षी लावीन."

काकू हसली. "मादी फूल सकाळी लवकर गाठावं लागतं. तुम्ही आठच्या आत उठलेलं मी लग्नापासून पाहिलं नाही."

ते खरंच होतं.

मेच्या शेवटी फुलं आली. सीताफळाचं फूल कुणाला दाखवलं तर ते फूल आहे यावर विश्वास बसत नाही. हिरवट, खाली तोंड करून लोंबणारं, तीन जाड पाकळ्या. पाकळ्या थोड्याशा विलगल्या की ते मादी. आतला गोळा चकचकीत, चिकट. पुढे पाकळ्या पूर्ण उघडल्या की ते नर. काकू पूर्ण उघडलेली फुलं वाटीत झटकायची, आणि नव्या कोऱ्या ब्रशनं तो पराग मादी फुलांच्या आत गोल फिरवून लावायची. ब्रश तिनं काकांकडून मागून घेतला होता, पण रंगाला कधी न लागलेला हवा अशी अट घालून. लावलेल्या फुलाच्या देठाला मी तांबड्या लोकरीचा तुकडा बांधायची. लोकर तिच्या जुन्या स्वेटरची. मग ती आंघोळ करून बॅच घ्यायला ओसरीत जायची, आणि मी त्याच बॅचला तिच्यासमोर खाली मांडी घालून बसायची.

भिंतीकडच्या फुलांची नोंद ठेवणं हे माझं काम. तिथं झाड आणि भिंतीमधून जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट होती.

त्या महिन्यात काका गावाचं चित्र करत होते. भूकंपानंतरचं पहिलंच. आठवणीतलं गाव: वेस, पार, आमच्या घराची पडवी, परसातलं झाड. खाली सगळं झालं होतं, आभाळ चालू होतं. मोठा कागद, त्यामुळे आभाळाला बरेच दिवस लागले. रोज संध्याकाळी ते खिडकीपाशी बसून निळ्या रंगाचे हात देत असत.

एका रविवारी काकूला बॅच नव्हती. ती भिंग घेऊन माझ्याबरोबर भिंतीकडच्या वाटेत शिरली. एका फुलाच्या पाकळ्या गळायला झाल्या होत्या. तिनं त्यातली एक अलगद काढून भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली.

"हे बघ," ती म्हणाली. "पाकळीच्या आत, तळाशी, जांभळट डाग असतो. तो फुलाचाच. आणि हा?"

डागाच्या वरच्या बाजूला निळी रेघ होती. केसाएवढी.

"शाई असेल," मी म्हणाले.

"झाड काय पत्रं लिहितंय?"

तिनं दुसरं फूल पाहिलं. त्यातही निळं. तिसऱ्यात नव्हतं, चौथ्यात होतं. मग तिनं खिडकीकडे पाहिलं. आत चित्राचं अर्धं झालेलं आभाळ दिसत होतं आणि खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याच्या भांड्यात ब्रश उभे होते. काका खाटेवर झोपलेले होते. पण खाटेखालच्या त्यांच्या चपलांना अंगणातली ताजी माती होती, म्हणजे त्याआधी कधीतरी उठून ते पुन्हा आडवे झाले होते.

"काकू, मग ही फुलं मोजायची का?" मी विचारलं. मला खरंच प्रश्न पडला होता. मोजून उपयोग नव्हता, प्रयोग बिघडला होता.

"मोजायची," ती म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय."

पाकळी तिनं तुळशीच्या कुंडीत टाकली आणि म्हणाली, "चल, पोहे करू."

त्यानंतर एक बदल झाला, आणि तो मीच टिपला, कारण तशी सवय आहे मला. ती लोकरीची फुलं आटोपली की पूर्वी अंगणातच रेंगाळायची. आता लगेच आत यायची आणि मागच्या दाराची कडी जरा जोरात लावायची, पलीकडे झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल अशी.

पावसाळाभर फळं वाढली. लोकर बांधलेली तर भराभर. गोल, भरदार, एकसारखी. काकूनं एक कच्चं असताना कापलं: जवळजवळ प्रत्येक डोळ्याला बी. ती खूश. काकांनी एक कागदासमोर ठेवलं, चार दिवस पाहिलं, आणि परत टोपलीत टाकलं.

"ह्यात काढण्यासारखं काही न्हाई," ते म्हणाले. "सगळी घरं भरलेली. कुणी दारात उभंच न्हाई."

भिंतीकडचीही धरली. तिची अट दहांत दोनची होती. मी मोजलं तेव्हा ती दहांत चारच्या वर गेली होती. पण ती एकूण एक वाकडी होती, आणि सगळी एकाच बाजूनं. मोकळ्या वाटेकडची बाजू भरलेली, भिंतीकडची आखडलेली. कुणीतरी घाईघाईत, अवघडून उभं राहून, हात पोचेल तेवढ्याच अंगाला ब्रश फिरवला होता. भुंगे असे एका बाजूचे नसतात. काकूनं त्यातलंही एक कापलं, दोन्ही अर्धे शेजारी ठेवले, आणि मला खायला दिले. कच्चं होतं, तुरट. मी खाल्लं.

दिवाळीनंतर मिस्त्री पाया घ्यायला आले. फक्कीच्या खुणा पावसानं कधीच धुतल्या होत्या. तिघं झाडापाशी उभे. काका हाताची घडी घालून, नापास होण्याची खात्री असलेल्या पोरासारखे.

"आकडा सांग गं," काकू मला म्हणाली.

मी सांगितला.

"कॉलम सरकवा, मिस्त्री," ती म्हणाली.

"बघा बरं मॅडम. खोली तिरकी येईल."

"येऊ द्या. झाड आपलं आपण धरतंय." मग काकांकडे न बघता ती म्हणाली, "यंदा भुंगे बरे होते."

"हाव," काका म्हणाले. "लई होते."

"लवकर उठणारे होते."

काका झाडाकडे बघू लागले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले. मिस्त्रींना यातलं काय कळलं कोण जाणे. ते म्हणाले, "भुंगे सकाळीच कामाला लागतात, मॅडम. माझे मजूर तसे असते तर अजून काय पाहिजे होतं."

खोली झाली. कोपरा कापलेली, पाच बाजूंची. काकू पहिल्या रात्री तिथं निवांत झोपली. पुढे त्या खोलीत अनेक वर्षं पोरं बसली. ती तिला तिरकी खोली म्हणत. "तिरक्या खोलीत बसलेले डॉक्टर" असा एक विनोद आमच्या घरात बरीच वर्षं चालला. कापलेल्या कोपऱ्याच्या खिडकीतून झाड हाताला लागायचं, आणि घोसफळाचा धडा आला की काकू बसल्या जागेवरून हात बाहेर काढून फळ तोडायची.

काका दर मे-जूनमध्ये लवकर उठत राहिले. काकू दर वर्षी त्याच महिन्यात मागचं दार जोरात लावत राहिली. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी. फळं दर वर्षी वाकडी येत आणि काका दर वर्षी एकाचं चित्र करत. मोठे क्लास आल्यावर काकूची बॅच हळूहळू आटली, ती निवृत्त झाली. पाण्याचे टँकर यायचे त्या उन्हाळ्यांतही तिनं भांडी घासलेलं पाणी झाडालाच घातलं.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. ते गेले तेव्हा मला झाडाची काळजी वाटली होती, पण मी विचारलं नाही. गेल्या जूनमध्ये काही कामानं लातूरला गेले आणि काकूकडे राहिले. सकाळी चहाला स्वयंपाकघरात आले तर चमच्यांच्या डब्यात, उलथन्याच्या शेजारी, एक ब्रश उभा होता. काकू अजून अंगणातून आत आली नव्हती. तिचे गुडघे आता वाकत नाहीत. भिंतीकडच्या वाटेत ती आडवी होऊन कशी जात असेल याचा मी अंदाज करत राहिले.

ती आली. पदराला पिवळसर पराग लागलेला होता.

"धरतंय का गं झाड?" मी विचारलं.

"धरतंय की," ती म्हणाली. "भुंगे येतात."

ती न्हाणीघरात गेल्यावर मी बाहेर जाऊन दोन-चार फुलं उघडून पाहिली. आत निळं कुठं नव्हतं. तिचा ब्रश स्वच्छ होता, तो रंगाला कधी लागलेला नव्हता. पण पराग लागला होता तो मोकळ्या वाटेकडच्या बाजूलाच. भिंतीकडच्या अंगापर्यंत तिचाही हात पोचला नव्हता, किंवा तिनं तो पोचवला नव्हता. ऑक्टोबरमध्ये एक फळ तिनं येणाऱ्याच्या हाती नांदेडला पाठवलं. एका अंगानं बसलेलं, मान वळवलेलं. मी ते मोजलं नाही. आधी चार दिवस टेबलावर ठेवून पाहिलं, आणि मग खाल्लं.